मोडेम बदलण्याआधी

अमेरिकेतला एक डॉक्टर चिवडा खात खात रोग्याची हकिकत सांगायचा. चिवडा नसेल, तिकडे जे काही कुरकुरीत मिळत असेल ते असेल. पण हैदराबादला काचीगुड्यातल्या आमच्या घरात त्याचं नाव ‘चिवडेवाला’ असंच पडलं होतं. दुसरा एक मोटार चालवता चालवता बोलायचा. त्याच्या वाक्यांमधून वळण्याच्या दिव्याची टिकटिक ऐकू यायची, आणि वळण पार पडलं की हा गृहस्थ अर्धं वाक्य वळणावरच सोडून पुढचं सुरू करायचा. तिसरा प्रत्येक रिपोर्टच्या शेवटी, टाइप करणाऱ्याचे आभार, असं न चुकता म्हणायचा. आभार टाइप करायचे नसतात. मी मनातल्या मनात ‘असू द्या’ म्हणायचो आणि पुढची फाइल उघडायचो.

यांपैकी एकाचंही तोंड मी कधी पाहिलं नाही. त्यांचं बोलणं ऐकायचं आणि शब्दाला शब्द लिहून काढायचं, हा माझा उतारवयातला धंदा होता. तो सुटून आता काही वर्षं झाली. सध्या मी दोन-तीन दुकानांचे हिशेब लिहितो. पण लोक अजून त्याच कामाबद्दल विचारतात, कारण ते कसं चालायचं हे बाहेरच्याला चटकन पटत नाही.

चालायचं ते असं. तिकडचा डॉक्टर रोगी तपासून झाला की फोनवर सगळं बोलून ठेवायचा. ते बोलणं ध्वनिमुद्रित होऊन आबिड्सच्या एका गल्लीतल्या आमच्या ऑफिसात यायचं. तिथून ते आम्हा घरी बसून काम करणाऱ्यांना वाटून दिलं जायचं. तिकडची रात्र ती आपली सकाळ, त्यामुळे डॉक्टर झोपून उठेपर्यंत त्याचा रिपोर्ट टाइप होऊन तयार. कानाला हेडफोन, हात कळफलकावर आणि पायाखाली शिलाईच्या मशिनीसारखं पेडल. दाबलं की आवाज चालू, उचललं की बंद, टाचेनं दाबलं की थोडा मागे. उदारीकरणानंतर हैदराबादेत या धंद्याचं पीक आलं होतं. बी.एस्सी. झालेल्या मुली, निवृत्त कंपाउंडर, आणि माझ्यासारखे सरकारी कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडलेले, असे सगळे या रांगेत होते. कारखान्यात मी कॉस्टिंगला, म्हणजे मालाचा खर्च काढायच्या खात्यात होतो. औषधांची नावं मला परकी, पण नेमकेपणाची सवय होती, आणि या कामाला तीच लागते.

रोग्यांबद्दल मी इथे काही सांगणार नाही. तसं लिहून दिलेलं आहे, आणि न लिहून देताही सांगितलं नसतं. जिथे सांगावंच लागेल तिथे तपशील बदलले आहेत.

या धंद्याचा एकच मोठा नियम. ऐकू आलं नाही तर जागा कोरी सोडायची. अंदाज करायचा नाही. कोरी जागा वर बसलेला तपासनीस पुन्हा ऐकून भरतो. त्यालाही जमलं नाही तर ती डॉक्टरकडे कोरीच जाते आणि डॉक्टर स्वतः भरतो. पण भरलेली जागा कुणी पुन्हा ऐकतोच असं नाही. म्हणून कोऱ्या जागा कमी हव्यात, पण खोट्या भरलेल्या तर मुळीच नकोत. माझ्या रिपोर्टात कोऱ्या जागा ऑफिसात सगळ्यात कमी असत. याचा मला अभिमान होता, आणि तो मी लपवतही नसे.

आमची तपासनीस रेवती. तेलुगू, पूर्वी नर्सचं काम केलेली, वयानं माझ्या निम्मी. मला ‘उदगीरकरगारू’ म्हणायची. गारू म्हणजे आपलं राव. नव्या मुलींना ती माझे रिपोर्ट दाखवायची आणि म्हणायची, “देखो, ऐसा काम होना. एक भी कॉमा इधर का उधर नहीं.”

आता मोडेमचं. आमच्याकडे इंटरनेट यायचं ते केबल टीव्हीच्या तारेतून. गच्च्यांवरून, झाडांवरून, विजेच्या खांबांवरून लोंबत आलेली ती काळी तार खिडकीच्या चौकटीला पाडलेल्या भोकातून आत यायची आणि एका राखाडी डब्यात शिरायची. तो डबा म्हणजे मोडेम. त्यावर चार दिवे. चारही स्थिर पेटले की काम सुरू. एक जरी लुकलुकत राहिला तरी हात बांधून बसायचं. उन्हाळ्यात तो तापायचा, म्हणून मी त्याच्याजवळ टेबलफॅन लावून ठेवत असे. बायको, शैला, शाळेतून आली की म्हणायची, “एवढा वारा कधी माणसाला घातला नाही हो तुम्ही.”

डबा जुना आणि तारही संथ. त्यामुळे ऑफिसात एक सोय केलेली होती. ज्यांच्याकडे वेगवान लाइन, त्यांना पुरी फाइल. आमच्यासारख्यांना दाबून लहान केलेली फाइल, म्हणजे ती वेळेत उतरेल. दाबलेल्या फाइलीत आवाज थोडा पिचतो. स, फ, थ, श अशी वाऱ्यासारखी अक्षरं आधी पुसट होतात. पुढे जे झालं ते कळायला एवढं पुरे.

माझ्या वाट्याच्या डॉक्टरांत एक बाई होत्या, लहान मुलांच्या. आवाज बारीक, बोलणं पुटपुटल्यासारखं. घरात त्यांना आम्ही ‘हळूबाई’ म्हणायचो, आणि माझ्या तोंडून ही सगळी नावं ऑफिसातही रुळली होती. हळूबाईंचं काम नको म्हणणारे पुष्कळ. माझ्याकडे ते तीन वर्षं होतं आणि कोऱ्या जागा जवळजवळ नाहीत. त्यांचा एक क्रम ठरलेला असे. आधी घसा, मग छाती, मग पोट, आणि शेवटी एक वाक्य: उपचार आईवडिलांना समजावून सांगितले, त्यांची संमती आहे. नेहमी हेच, याच चालीत.

एके दिवशी रेवतीचा फोन आला. “उदगीरकरगारू, हळूबाई का लास्ट लाइन आप सुन के लिखे ना?”

“हां. क्यों?”

“वो बोल रहे कि माँबाप मना कर दिए. बच्चे को घर लेके गए. आप लिखे, मान गए.”

मी ते वाक्य ऐकलं होतं. त्या क्षणी कुणी शपथ घ्यायला लावली असती तर घेतली असती. फाइल पुन्हा लावली. आवाज चढवून ऐकलं. वाक्याची चाल तीच, लांबीही साधारण तीच. आणि नीट कान दिला तेव्हा कळलं की चाल सोडून त्यात मला दुसरं काहीच ऐकू येत नव्हतं. तीन वर्षांच्या सवयीनं ते वाक्य मी आतल्या आत पुरं केलं होतं, आणि केलं आहे हे मला कळलंही नव्हतं. रिपोर्ट गेला नाही, रेवतीनं अडवला. नाही तर नकार दिलेल्या आईवडिलांची संमती कागदावर गेली असती, माझ्या हातानं, एकही जागा कोरी न सोडता.

मला भीती त्या एका वाक्याची वाटली नाही. कोऱ्या जागांचा माझा आकडा ऑफिसात सगळ्यात कमी होता. त्यातलं ऐकलेलं किती आणि मनचं किती, हे आता मला सांगता येत नव्हतं.

घरी मी एवढंच म्हणालो की फाइली नीट येत नाहीत.

“मग तो डबा बदला,” शैला म्हणाली. “मी कधीची म्हणू लागले.”

केबलवाला यादगिरी तर माझ्याही आधी तयार होता. मोटारसायकलवर तारेचं भेंडोळं घालून काचीगुडाभर हिंडणारा हा माणूस. मोडेमवर हात ठेवून म्हणाला, “साब, ये डब्बा निज़ाम के ज़माने का है. नया लगाओ, फाइल ऐसी भागती आती देखो. फिर तुमकु पूरी फाइल देते ना ऑफिसवाले?”

देणार होते. म्हणजे सगळ्यांचं एकमत झालं होतं: दोष दाबलेल्या फाइलीचा, फाइल दाबली जाते मोडेममुळे, तेव्हा मोडेम बदला. खर्च थोडा नव्हता, पण मी अडलो होतो ते खर्चापायी नाही. मुलगी वारंगळला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. तिचं पुढचं वर्ष निघेपर्यंत हे काम टिकणं भाग होतं. मोडेम बदलून ते टिकणार असेल तर दोन बदलले असते. पण जुन्या यंत्रात दोष आहे हे दाखवल्याशिवाय नव्याची मागणी करायची नाही, हे कारखान्यात हाडीमाशी भिनलं होतं. आणि दोष आणखी एका ठिकाणी असू शकतो, हे माझ्या मनात येऊन गेलं होतं.

मी कागदावर चार खणांचा तक्ता आखला. आडवे दोन: दाबलेली फाइल, पुरी फाइल. उभे दोन: माझे कान, रेवतीचे कान. चारही खण भरले की मोडेम दोषी की निर्दोष, ते आपोआप दिसेल. पुरी फाइल घरी उतरत नव्हती, पण ऑफिसात ती होतीच. मोडेम न बदलताही हा प्रयोग करता येत होता, आणि हे मला पहिल्या दिवशीच सुचलं होतं. तरी दोन आठवडे मी आबिड्सकडे फिरकलो नाही.

गेलो तेव्हा दुपार होती. जिना चढून वर जाईपर्यंत खालच्या चपलांच्या दुकानातल्या नव्या चामड्याचा वास सोबत येतो. रेवती डबा खाऊन परत जागेवर बसत होती. मी तिला तक्ता दाखवला.

“ये क्या जी?” ती हसली. “मेरी परीक्षा ले रहे क्या?”

“आपकी नहीं.”

ती हसायची थांबली.

हळूबाईंची त्याच दिवशी आलेली, आम्हा दोघांपैकी कुणीही न ऐकलेली एक फाइल निवडली. मी स्वतःला एक अट घातली: ओठांवर आपोआप येईल ते लिहायचं नाही, कानानं ऐकलं तेवढंच लिहायचं. आधी दाबलेली फाइल ऐकली आणि लिहिली. मग तिच्या मशीनवर, तिच्या चांगल्या हेडफोननं, पुरी फाइल ऐकली आणि दुसऱ्या कागदावर लिहिली. दोन्ही कागद उपडे ठेवले आणि खुर्ची तिला दिली. ती फक्त दाबलेली फाइल ऐकत होती. पेडल एकदाही मागे न घेता ती लिहीत गेली. मी खिडकीशी उभा राहून खालची गर्दी पाहत होतो. ते एवढ्यासाठी की मला तिचा हात थांबतो का ते बघायचं नव्हतं.

तिचा हात थांबला नाही.

तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. माझे दोन्ही कागद कसर लागलेल्या कापडासारखे. भोकं त्याच त्याच ठिकाणी. पुऱ्या फाइलीत दोन-चार शब्द जास्त मिळाले होते, एवढाच फरक. तिचा कागद मात्र सबंध होता, आणि तो दाबलेल्या फाइलीवरून उतरलेला होता. चौथा खण भरायची गरज उरली नाही. जी फाइल माझ्या मोडेमला झेपत होती, तीत सगळं होतं.

रेवतीनं तिन्ही कागद एकावर एक ठेवून कडा जुळवल्या. मग दाराकडे पाहून आवाज खाली केला. तो मला ऐकू येईना, तेव्हा तिला तो पुन्हा वर करावा लागला, आणि ती ओशाळली.

“गारू, मैं ऊपर बोल देती, लाइन वीक है करके. आप नया मोडेम लगा लो. तब तक चिवडावाले, गाड़ीवाले आपको देती. उनकी आवाज़ मोटी है ना? हळूबाई को मैं देख लेती. साल निकल जाता.”

“और ग़लती हुई तो?”

“मैं सुनती ना पीछे से.”

“हर फाइल?”

तिनं कागदांच्या जुळलेल्या कडा पुन्हा जुळवल्या. मग म्हणाली, “यहाँ सब बच्चे छे महीने में भाग जाते जी. आपके सरीका कौन बैठता? मैं सुन लेती.”

मी तिला हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. जिना उतरलो आणि बस न घेता सुलतान बाजारातून चालत निघालो. कापडवाल्यांच्या आणि रिक्षावाल्यांच्या आवाजात मला काही कमी पडत नव्हतं. तिथे सगळेच ओरडून बोलतात. चालताना कारखाना आठवला. आमची कॉस्टिंगची केबिन प्रेस शॉपच्या कोपऱ्यात होती, लाकडी, वर काच. पत्रे कापणाऱ्या प्रेस दिवसभर दणदणत, आणि त्यातच आम्ही आकडेमोड करायचो. कानात कापूस घालणाऱ्याला आम्ही, अत्तराचा फाया लावलेला ‘नवरदेव’ म्हणून चिडवायचो. अजूनही निवृत्त मंडळी कुणाच्या लग्नात भेटली की आम्ही सगळे एकमेकांशी ओरडून बोलतो. बायका दटावतात. आम्हाला वाटायचं, सवय राहिली आहे.

त्या संध्याकाळी मी यादगिरीला नवा मोडेम घेऊन यायला सांगितलं.

हे मी का केलं, त्याचा हिशेब सरळ आहे. मुलीचं एक वर्ष. रेवती मागून ऐकणार होती. मोठ्या आवाजाच्या डॉक्टरांचं काम मला अजून येत होतं. कुणाचं नुकसान होणार नाही अशी बेरीज मी मनात तीन वेळा करून पाहिली, आणि तिन्ही वेळा ती जुळली.

यादगिरी रविवारी सकाळी आला. नवा मोडेम काळा, चपटा, जुन्याच्या निम्मा. त्यानं तो टेबलावर ठेवला, जुन्याच्या मागची तार सोडवायला हात घातला आणि खिशातला मोबाइल काढून केबलच्या ऑफिसला लावला. पलीकडच्यानं काहीतरी विचारलं. यादगिरी माझ्याकडे वळला.

“साब, पुराना क्यों निकाल रहे पूछ रहे. क्या ख़राबी है बोलो, लिखना पड़ता उनकु.”

“लिखो कुछ भी,” मी म्हणालो.

“कुछ भी कैसा लिखते? गरम होता, बत्ती जाती, क्या होता?”

जुन्या डब्याचे चारही दिवे स्थिर पेटलेले होते. आयुष्यभर मी पुष्कळ मागण्या नामंजूर केल्या, आणि पुष्कळांच्या शिव्या खाल्ल्या. पण जे तपासून चांगलं ठरलं आहे ते वाईट आहे, असं माझ्या तोंडून कधी गेलं नव्हतं. शब्द तयार होता, ‘बत्ती जाती’ एवढाच. तो निघाला नाही.

“पुराना अच्छा है,” मी म्हणालो. “मेरे कान ख़राब हैं.”

यादगिरी हसला. “क्या साब, तुम भी.” मग त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं. फोनवर तेलुगूत काहीतरी बोलून त्यानं तो खिशात ठेवला, तार होती तशी परत घट्ट केली, नवा डबा पिशवीत घातला. आणि निघताना, रोज माझ्याशी भराभरा बोलणारा तो माणूस, मान माझ्याकडे वाकवून, आवाज चढवून, एकेक शब्द सुटा सुटा करून म्हणाला, “ठीक है साब. मैं. फिर. आता.”

त्याचा हेतू चांगला होता. पण त्या सुट्या शब्दांनी मला जसं कळलं तसं त्या तीन कागदांनीही कळलं नव्हतं.

वळलो तर शैला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पीठ लागलेले हात तसेच.

“ऐकलंस?” मी विचारलं.

ती पुढे येऊन माझ्यासमोर उभी राहिली. मग बोलली. “मला माहीत होतं.”

“कधीपासून?”

“बरेच दिवस झाले. मी आतून तुम्हाला हाक मारायचं सोडलंय. येते, समोर उभी राहते, तुम्ही बघितलं की मग बोलते. पोरगीसुद्धा तसंच करते. तुमच्या लक्षात नाही आलं?”

“नाही.”

“तुम्ही विचारायची वाट बघत होते,” ती म्हणाली. “मी मोडेम बदला म्हणाले ते त्यासाठीच. बदलून फरक नाही पडला, तर तुम्ही स्वतःच विचाराल असं वाटलं. मी कुठल्या तोंडानं सांगू? तुमचं सगळं काम कानाचं.”

“आणि मुलीची फी?”

“ते बघू,” ती म्हणाली. “मी शिकवण्या धरते. हिशेब लिहून घेणारी दुकानं काय कमी आहेत का इथे? पण त्या लेकरांचे कागद नकोत.”

सोमवारी सकाळी फाइली यायच्या आत मी ऑफिसला फोन लावला. रेवती आली असेल अशा बेतानं. म्हणालो की मोडेम बदललेला नाही, बदलणार नाही. लाइन वीक आहे असं कुठे लिहिलं असेल तर ते खोडा आणि खरं लिहा. आजपासून मला फाइल पाठवू नका. आणि गेल्या वर्षातले माझे हळूबाईंचे रिपोर्ट पुन्हा ऐकून घ्या, जेवढे जमतील तेवढे, माझ्या पैशातून कापून. हे सगळं मी आधी ठरवून ठेवलं होतं, त्यामुळे न अडखळता बोललो.

पलीकडून रेवती बोलू लागली. बारीक आवाजात, भराभरा. तिचा सूर मला येत होता, शब्द येत नव्हते. इतके दिवस अशा वेळी मी ‘हां, हां’ म्हणत असे.

शैला शाळेला निघाली होती, पर्स खांद्याला लावून दाराशी पोचली होती. मी तिला बोलावलं आणि रिसीव्हर तिच्या हातात दिला.

“ती काय म्हणते ते ऐक,” मी म्हणालो, “आणि मला सांग.”